उंड्याचं वजन

चोवीस वर्षं मी खाणीच्या काट्यावर बसलो. काटा म्हणजे ट्रकांचा वजनकाटा. आधी रिकाम्या ट्रकाचं वजन, मग भरलेल्याचं, आणि मधला फरक तो माल, म्हणजे खनिजाची माती. मी काचेच्या खिडकीआड बसून आकडा वाचायचो, लिहायचो आणि हाताने खूण करायचो, पुढचा. ड्रायव्हर लोक काय काय युक्त्या करायचे. कोणी भरलेलं वजन करताना टाकीत पाणी घालून आणायचा, कोणी क्लीनरला मालाआड दडवायचा. मी सगळ्यांना पकडलं. पावसाळ्याच्या तोंडावर माल भिजून यायचा आणि आकडा फुगायचा, पण त्यातली ओल किती आणि माती किती ते लॅबवाले काढायचे. तो माझा प्रांत नव्हता. खाण बंद पडली, ट्रक अंगणांत गंजून भंगारात गेले, तरी मुळगावात मला अजून कोणी रघुनाथ म्हणत नाही. काटेकारच म्हणतात. माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही, हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं असेन की माझी बायको शालिनी ते माझ्याआधी पुरं करायची.

शालिनी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गेली. त्यानंतरचे महिने कसे गेले असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही, कारण ते गेले एवढंच मला माहीत आहे. दुःख झालं, असं लोकांना सांगत होतो. खरं म्हणजे काही होत नव्हतं. चहा गरम आहे हे कळायचं, तो गोड आहे हे कळायचं, पण कळण्याच्या पलीकडे काही जात नव्हतं. टीव्ही लावायचो आणि आवाज बंद ठेवायचो. चतुर्थी आली, आमच्याकडे यंदा गणपती नव्हता, वाड्यावरच्या आरत्या ऐकू आल्या आणि संपल्या. लोक म्हणाले, काटेकार घट्ट मनाचा.

घरात माझ्याबरोबर एक ससा होता. तो शालिनीचा. तिचा भाऊ निलेश मांद्र्याला पर्यटकांना खोल्या भाड्याने देतो. तिथे उतरलेल्या एका विदेशी कुटुंबाने पोरांना खेळायला म्हणून ससा विकत घेतला, आणि सीझन संपल्यावर तो खोलीत टाकून ते विमानात बसले. निलेशने तो खोक्यात घालून बहिणीला आणून दिला. रंगाने भाजल्यासारखा तपकिरी, आणि पाय पोटाखाली घेऊन बसला की अगदी पोदेराच्या, म्हणजे दारोदार येणाऱ्या पाववाल्याच्या, टोपलीतला उंडो, आपला तो कडक सालीचा गोल पाव. म्हणून शालिनीने त्याचं नाव उंडो ठेवलं. मी तेव्हा हसलो होतो. हसल्याचं आठवतं.

तिच्यामागे त्याला खायला घालणं माझ्याकडे आलं. सकाळी सातला पोदेराचा भोंपू वाजला की शालिनी दोन उंडे घ्यायची आणि एकातला तुकडा त्याला द्यायची, हे मी दोन वर्षं रोज पाहिलं होतं. म्हणून मीही सातला अर्धा उंडा त्याच्यापुढे टाकायचो. दुपारी माझ्या ताटात उरलेला भात. सांगितलेलं काम चुकवणारा माणूस मी नव्हे, आणि ते तर कोणी सांगितलंही नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी गौरवी आली. गौरवी माझी एकुलती मुलगी, पेडण्याच्या बाजूला कोरगावात दिलेली, तिथेच शाळेत शिकवते. आल्याआल्या तिने उंड्याला मांडीवर घेतलं आणि त्याच्या पाठीवरून बोटं फिरवली. मग म्हणाली,

“बाबा, ह्याका कदी उखलून बघलो तुमी? नुसतीं हाडां.”

मी म्हटलं, खातो रोज. उचलून मात्र पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर शालिनीला शेवटचं न्हाऊ घातलं त्या दिवसापासून मी कोणालाच हात लावला नव्हता, माणसाला नाही, जनावराला नाही. तसं काही ठरवलं नव्हतं. घडलं नाही, इतकंच.

गौरवी मास्तरीण आहे आणि तिला मुदती घालून द्यायची सवय आहे. आई असताना हा चांगला दोन किलो होता, ती म्हणाली. आईच्या हातचं एवढंच जिवंत राहिलंय. महिनाभराने मी येते, तोवर दोन किलो भरला तर इथे राहील, नाही तर मी घेऊन जाईन. तिच्या सासरी कुत्रा आहे, ते मी तिला आठवून दिलं. कुत्र्याला बांधता येतं, ती म्हणाली.

मला ससा जायला नको होता. का नको होता हे तिला सांगता आलं नसतं. तो गेला असता तर त्या घरात सातला भोंपू वाजल्यावर उठून दाराशी जायचं कारण संपलं असतं, आणि मग मी कशाला उठलो असतो ते मला दिसत नव्हतं. पण दोन किलो म्हणजे आकडा होता. आकडा मला समजतो.

काजूच्या बियांच्या दिवसांत बिया जोखायला आणलेला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा माळ्यावर होता, तो काढला. आधी रिकामी टोपली ठेवली, मग झाडूने हळूच ढकलत उंड्याला टोपलीत घातला आणि परत ठेवली. फरक एक किलो तीनशेवीस. उंडो नाव आणि अंगावर पावाचा चुरासुद्धा नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात मी आकडा लिहिला.

उपाय सुचवायला शेजारी होतेच. पलीकडची विनोदिनीबाय शालिनीची मैत्रीण, दोघी एकत्र हळसांद्याच्या शेंगा मोडायच्या. तिने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशीच टोपात पेज घेऊन आली. आमच्याकडे अशक्ताला पेज. बाळंतिणीला पेज, तापाला पेज, मरणाऱ्याच्या तोंडातही शेवटचा चमचा पेजेचाच. उकड्या तांदळाची, दाट, वर मिठाचे दोन खडे. सशाला मात्र बिनमिठाची घाल, एवढं तिने बजावलं. उंड्याने आधी नाक लावलं, मग चाटायला लागला. मला बरं वाटायला हवं होतं. मी पाहत राहिलो.

मग मी पद्धत लावली. सकाळी दुधात भिजवलेला उंडा, दुपारी पेज, चारनंतर ग्लुकोजची दोन बिस्किटं, संध्याकाळी परत पेज. दर तिसऱ्या दिवशी वजन. एक तीनशेनव्वद. एक चारशेऐंशी. एक पाचशेसाठ. काट्यावरच्या आकड्याचा फोटो काढून गौरवीला पाठवायचो आणि ती अंगठा पाठवायची. तिसऱ्या आठवड्यात एक सातशेदहा झाला. विनोदिनीबाय म्हणाली, पेजेसारखं औषध नाही, आणि मी मान हलवली. हातच्या कांकणाला आरसा कशाला, काटा समोर होता.

काटा समोर होता म्हणून बाकीचं मी पाहिलं नाही. भिजवलेला उंडा तो खायचा, पण कडक साल तशीच टाकायचा. हनुवटीखालची लव सदा ओली असायची. त्याच्या लेंड्या पूर्वी वाटाण्यासारख्या गोल आणि कोरड्या असत, त्या आता चिकट झाल्या होत्या आणि मी पुसून काढत होतो. पोट दोन्ही बाजूंनी फुगून आलं होतं. ते मात्र मी पाहिलं आणि समाधानाने पाहिलं. आता कुठे हा उंड्यासारखा दिसायला लागला, असं मी विनोदिनीबायला म्हणालोसुद्धा.

चौथ्या आठवड्यात, एका मंगळवारी, एक किलो सातशेऐंशी भरला. त्याच दिवशी भोंपू वाजला आणि तो दाराशी आला नाही. कोपऱ्यात पाठ वर काढून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले, आणि दात करकर वाजवत होता. मी पेज पुढे ठेवली, ती तशीच राहिली. मी मनाशी म्हटलं, वजन वाढतंय म्हणजे आजारी असणं शक्य नाही, पोट भरलं असेल. तो दिवस मी तसाच जाऊ दिला. दुसऱ्या सकाळी विनोदिनीबाय टोप न्यायला आली, तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मला सांगितलं की हा मरायला टेकलाय, डॉक्टरकडे ने.

डिचोलीच्या गुरांच्या दवाखान्यात एक म्हैस, दोन बकऱ्या आणि टोपली घेतलेला मी. डॉक्टर पल्लवी सावंतवाडीकडची, तरुण. तिने म्हशीचं आटोपून हात धुतले आणि मला आत घेतलं. मी तिला सगळे आकडे तारखांसकट तोंडपाठ सांगितले. तिने ते ऐकले की नाही कोण जाणे. ती उंड्याच्या पाठीवरून बोटं फिरवत होती, मग पोट दाबून पाहिलं, मग तोंड उघडून आत छोटी बॅटरी मारली. काय घालता, तिने विचारलं. मी अभिमानाने यादी सांगितली. आणि गवत, तिने विचारलं. मी म्हटलं, गवत नाही. तिने माझं मनगट धरून माझा हात त्याच्या पाठीवर ठेवला.

“काका, ह्या वजन सशाचा न्हय, पोटाचा. वारो आणि पाणी भरलाहा. ससो आतसून सुकत चल्लोहा.”

लवेखाली पाठीचा कणा नारळ खोवायच्या विळीच्या दात्यांसारखा हाताला लागला. दोन्ही बाजूंना मांस म्हणून नव्हतंच, कातडी आणि खाली हाड. एवढं मोठं पोट आणि त्यावर ही पाठ. मी हात काढून घेतला.

पोटात पाणी. हे शब्द मी मार्च महिन्यात ऐकले होते, बांबोळीच्या हॉस्पिटलात, शालिनीच्या खाटेजवळ उभा असताना.

पल्लवीने समजावून सांगितलं ते मी ऐकत होतो आणि लक्षातही ठेवत होतो, त्या बाबतीत माझं डोकं चालत होतं. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. सुकं गवत चावून चावून ते झिजतात, आणि त्याच गवतावर त्याचं पोट चालतं. पेज आणि पाव चावावा लागत नाही, त्यामुळे दाढांना टोकं येऊन ती जिभेला टोचत होती आणि पोटात सगळं आंबून फुगलं होतं. तिने त्याला गुंगी देऊन दाढा घासल्या, वायूचं औषध दिलं, आणि दोन-तीन दिवस वाटलेल्या गवताचा लगदा पिचकारीने तोंडात सोडायला शिकवलं. मग सुकं गवत, खाईल तेवढं, चोवीस तास समोर. थोडा ओला पाला, हळूहळू वाढवत. पाणी. पाव, बिस्कीट, भात, पेज बंद. आणि शेवटी म्हणाली की पोट उतरलं की वजन आधी कमी होईल, घाबरू नका, काटा आठवड्यातून एकदाच. रोज मात्र हात लावायचा. कणा टोचतो की नाही ते हाताला विचारायचं.

मी घरी आलो. टोपली खाली ठेवली आणि कॅलेंडरवर त्या दिवसाचा आकडा लिहायला गेलो, सवयीने. मग लिहिला नाही. नोव्हेंबरचं पान उचललं, ऑक्टोबरचं, तसं करत फेब्रुवारीपर्यंत गेलो. तिथेही प्रत्येक रविवारच्या चौकोनात माझ्याच अक्षरात आकडे होते. चव्वेचाळीस. पंचेचाळीस पूर्णांक दोन. शेहेचाळीस आठ. अठ्ठेचाळीस तीन.

त्याआधीच्या डिसेंबरात शालिनीचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वजनाकडे लक्ष ठेवा, ते वाढायला हवं. म्हणून मी पायाखालचा काटा आणला आणि दर रविवारी तिला त्यावर उभं करायचो. वजन वाढलं. मी सगळ्या वाड्याला सांगितलं. केळबायच्या देवळात नारळ ठेवला. गौरवी जानेवारी-फेब्रुवारीत शाळेच्या परीक्षांत अडकली होती, ती फोन करून आई कशी आहे विचारायची आणि मी तिला आकडा सांगायचो. आकडा चांगला होता, म्हणून ती निर्धास्त राहिली. फेब्रुवारीत एकदा, संध्याकाळी, मी खुर्चीत बसलो होतो आणि शालिनी खाटेच्या कडेला पाठमोरी बसून म्हणाली,

“माज्या पाठीक हात लावन बघा. हाडां लागतात.”

मी खुर्चीतून उठलो नाही. तिथूनच म्हणालो, काट्याने दोन किलो जास्त दाखवलंय, काटा खोटं बोलत नाही. तिने ते वाक्य या वेळी माझ्याआधी पुरं केलं नाही. तिने पदर घेतला आणि ती परत कधी तसं म्हणाली नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तिला श्वास लागायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की वाढलेलं सगळं पोटातलं पाणी होतं.

भिजलेल्या मातीचं वजन फुगतं हे ज्याला चोवीस वर्षं माहीत होतं, त्या माणसाने हे केलं. ते पान हातात धरून मी उभा होतो तेव्हाही मला रडू आलं नाही. छातीत काही झालं नाही. पान सोडलं, ती सगळी एकावर एक खाली पडली आणि परत नोव्हेंबर आला.

विनोदिनीबाय चौकशीला आली. मी गवताचं सांगितलं तर ती कपाळावर हात मारून म्हणाली की आपणही वेडीच, शालिनी रोज दुपारी चारला कोयती घेऊन बांधावर जायची आणि भारा आणायची, तो सशासाठी होता हे डोक्यातच आलं नाही, गायीसाठी कोणाला देते असं वाटायचं. चारला मी झोपलेला असायचो. तिच्या दिवसातले सकाळचे सात तेवढे माझ्या माहितीचे होते.

आमच्या रस्त्याकडेच्या गवतावर अजून लाल धूळ बसते, खाण बंद असो की चालू. ते गवत उपयोगाचं नव्हतं. म्हणून मी रोज चारला मयेच्या बाजूच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, जायला लागलो. पावसानंतर सड्यावर कमरेएवढं वाढलेलं करड गवत त्या दिवसांत सुकून पिवळं पडतं. कोयतीने कापायचं, झटकायचं, निवडायचं, भारा बांधायचा. करडाच्या पात्याला धार असते. पहिल्या दिवशी परत आलो तेव्हा विनोदिनीबायने कुंपणावरून विचारलं की हाताला रक्त कसलं. मी पाहिलं तर दोन्ही हातांच्या बोटांवर बारीक चिरा पडल्या होत्या आणि सदऱ्याला डाग लागले होते. मला कळलंच नव्हतं. ती म्हणाली, मोजे घाल हातात. मी घातले नाहीत, विसरायचो.

पहिले तीन दिवस लगदा. टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घ्यायचा आणि पिचकारी तोंडाच्या कडेने. अर्धा तो गिळायचा, अर्धा माझ्या लुंगीवर. चौथ्या दिवशी त्याने आपणहून करडाची एक काडी तोंडात धरली आणि ती हळूहळू आत जात राहिली. मी तिथेच जमिनीवर बसून ती काडी संपेपर्यंत पाहिली, मग दुसरी.

आठवड्याने वजन केलं, एक किलो पाचशेचाळीस. एकदम पाव किलोने खाली. काट्यावर बसलेल्या माणसाला खाली जाणारा आकडा पाहवत नाही. मी पाठीवर हात ठेवला. कणा होताच, पण विळीचे दाते थोडे बोथट झाल्यासारखे वाटले, किंवा मला तसं वाटून घ्यायचं होतं. पोट मऊ होतं. लेंड्या परत वाटाण्यासारख्या झाल्या होत्या. गौरवीला मी फोटो पाठवला नाही. तिचा फोन आला तेव्हा पंधरा दिवस अजून दे म्हणालो. तिने का म्हणून विचारलं आणि मी, सड्यावर जायला उशीर होतोय, असं काहीतरी बोलून फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात रोज चारनंतर, भारा उतरवल्यावर, मी हात लावत होतो. खांद्यापासून कमरेपर्यंत, अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला. पाचव्या-सहाव्या दिवशी कण्याच्या कडेने बोटाखाली काहीतरी दबून परत वर आलं. फार नाही. ओल्या पिठाचा पापुद्रा असावा एवढं. मी बोट परत तिथेच नेलं, आणि परत, आणि उंडो कंटाळून उठून गेला.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी गौरवी आली, पंधरा दिवस पुरे व्हायच्या आत. बरोबर खोकं आणलं होतं, भोकं पाडलेलं. तिने स्वतः टोपली ठेवली, स्वतः उंड्याला घातलं. एक किलो पाचशेनव्वद. तिने मोबाईल काढून माझे जुने फोटो पाहिले आणि म्हणाली की एक सातशेऐंशी होता, म्हणजे दोनशे ग्रॅम कमी झालाय, आणि म्हणूनच तुम्ही फोटो पाठवायचे बंद केले. आवाज तिने चढवला नाही. ती वर्गात चढवत असेल. खोक्यात टॉवेल अंथरायला लागली.

मी म्हटलं, “पाठीक हात लाव.”

तिने लावला. मी तिला म्हटलं की महिन्यापूर्वीचा हात आठव. ती बोटं फिरवत होती. मग मी तिला सांगितलं. सशाचं आधी सांगितलं, पेज, पोट, पल्लवी डॉक्टर. आणि त्याच आवाजात, मध्ये न थांबता, फेब्रुवारीचं सांगितलं. आकडे सांगितले. तू फोन करायचीस तेव्हा मी तुला जे वाढलं म्हणून सांगायचो ते पाणी होतं, असं सांगितलं. आणि तुझ्या आईने मला पाठीला हात लावायला सांगितलं होतं, मी खुर्चीतून उठलो नाही, हेही सांगितलं. आठ महिने हे मी स्वतःलाही असं ओळीने सांगितलं नव्हतं. बोलून झालं तेव्हा वाटलं की आता ती खोकं घेऊन जाईल, सशासकट, आणि परत यायची नाही. तसं झालं असतं तरी मी तिला बोल लावला नसता.

गौरवीने उंड्यावरचा हात काढला नाही. त्याच्याकडेच पाहत म्हणाली,

“माकाय सांगिल्लें आयेन. फोनार. हाडां लागतात म्हणून. हांवें म्हटलें, बाबा वजन करतात न्हय, वाडलां न्हय.”

म्हणजे शालिनी माझ्याकडून उठून लेकीकडे गेली होती, आणि तिथेही माझाच आकडा तिच्यापुढे उभा होता. दोन्ही दारं मी लावली होती. हे मला त्या क्षणी कळलं आणि या वेळी कळणं कळण्यापाशी थांबलं नाही. मी पाटावर बसलो. गौरवीही रडत नव्हती. उंडो टोपलीतून उतरला, भाऱ्यापाशी गेला आणि करड चावायला लागला.

मग तिने खोक्यातला टॉवेल काढला, घडी घातली आणि खोकं पाय देऊन चपटं केलं. येताना डिचोलीच्या बाजारातून बांगडे आणले होते, ते साफ करायला बसली. एक-एक चिरून माझ्याकडे सरकवत होती, मीठ लावायला. हे काम पूर्वी शालिनी आणि मी असंच करायचो. मी वाटीत हात घातला, पहिल्या बांगड्याच्या चिरांत मीठ चोळलं आणि हात झटकन मागे आला. बोटांच्या सगळ्या चिरांतून मीठ आत गेलं होतं. डोळ्यांत पाणी आलं.

गौरवीने सुरी ठेवली, माझा हात उलटा करून पाहिला. एकावर एक चिरा, काही सुकलेल्या, काही कालच्या.

“बाबा, हें इतले दीस दुखना जालें तुमकां?”

“ना,” मी म्हटलं. “आतां दुखता.”

ती हातावर पाणी घालायला तांब्या आणायला उठली. मी तिला थांबवलं आणि राहिलेल्या बांगड्यांना मीठ लावलं.